तुमच्या कवितेला पहिली दाद कोणी दिली?

जुनी_वही
परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, वाळवी लागली की काय ते बघायला. लागली होतीच. लग्नपत्रिका, अकरावीची गुणपत्रिका, मामांची पत्रं, सगळ्याची चाळण. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पोस्टकार्ड मात्र धडधाकट निघालं. १९८७ चं.

तेव्हा मी बी. कॉम.ला होतो. एका मासिकाला पावसावरची कविता पाठवली होती, भुजंगप्रयात वृत्तात. सोबत रिवाजाप्रमाणे स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. ते पाकीट परत आलं, आत छापील चिठ्ठी, 'साभार परत'. त्याचं काही वाटलं नाही, तेवढी तयारी होती. पण चार दिवसांनी हे कार्ड आलं, संपादकांच्या स्वतःच्या अक्षरात. तिसऱ्या चरणात 'नवा पाऊस' घेतला आहे, मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणून पाहा, 'ऊ'पाशी पाय अडखळेल, 'नवा पावसाळा' बसेल. आणि खाली एक ओळ, शेवटचा चरण चांगला आहे, पुढची पाठवा.

मी आठवडाभर बाथरूममध्ये 'मना सज्जना' आणि माझी कविता आळीपाळीने म्हणत होतो. खरंच अडखळत होतं.

पुढची पाठवली नाही. बँकेत लागलो, बदल्या, मुलं. गंमत अशी की तो चांगला चरण कोणता होता तेच आठवत नाही. कविता वाळवीच्या पोटात गेली असणार. कार्ड तेवढं राहिलं.

तुम्हाला कुणी असं काही म्हणालं आहे का? 'छान', 'सुंदर', 'अप्रतिम' सोडून.

कुकरची_शिट्टी
आधी पेटीला आतून रॉकेल फासा. कवितेचं नंतर सांगते, दूध वर येतंय.

वेबिल
एसटीत वाहक. २९ वर्षं झाली. मुक्कामाच्या गाडीला रात्री गावात पोचलं की ड्रायव्हर आणि मी गाडीतच झोपायचो, मच्छरदाणी सीटच्या दांड्यांना बांधून. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं केलं की मागच्या कोऱ्या कागदावर मी काहीबाही खरडायचो. आमचे ड्रायव्हरमामा सातवी शिकलेले. एकदा विचारलं, काय लिवतोस रोज? वाचून दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत. घोरायलाच लागले.
सकाळी परतीला घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढत होती, अर्धी रिकामी. म्हणाले, ती कालची म्हण. म्हटली. म्हणाले परत म्हण. तीन वेळा म्हणायला लावली. मग घाटमाथा आला तसे म्हणाले, आता बास, उतरताना ब्रेककडे ध्यान लागतं.
नंतर सहा वर्षं हा नियमच झाला. चढताना कविता, उतरताना गप्प. मामा रिटायर होऊन गेले गावाला. आता नवीन पोरं हेडफोन लावतात.

शब्दवेडी_२२
@वेबिल काका 😭😭 तुम्ही हे सगळं लिहून काढा ना

वेबिल
लिहिलंच की आता.

आसोद्याचा_भाचा
आम्ही जळगावचे, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. १९०७ ला आमच्या जळगावात कविसंमेलन भरलं होतं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पदवी अशी चिकटली की पुढे ठोमरे कोण हे सांगावं लागतं. आणि याच जळगावची दुसरी गोष्ट. बहिणाबाई शेतात, जात्यावर म्हणायच्या ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने लिहून घेतलेलं. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, अत्रे म्हणाले हे बावनकशी सोनं आहे. पण केव्हा? बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, पुस्तक १९५२ चं.
माझी आजी त्यांच्याच वयाच्या बायांमधली. तीही म्हणायची दळताना. आमच्या घरात कोणी सोपानदेव नव्हता.

मडगावची_मावशी
शेवटची ओळ वाचून थांबले थोडी.
माझं सांगते. आमच्या गावात फुगडीला जुन्या ओव्या म्हणतात, त्यात मी दोन माझ्या घुसडल्या, कोणाला न सांगता. आईने ऐकून विचारलं, ही कोणाकडची गे, बोरीकडची की काय? आमच्या आजीला येत असावी. म्हणजे तिला ती शंभर वर्षं जुनी वाटली! मी सांगितलंच नाही आजवर. आता आई नव्वदीला आली. परवा तिनेच ती म्हणून दाखवली मला, वर एक शब्द बदलून. तिचाच जास्त चांगला आहे, काय करता.

कच्चा_माल
सगळ्यांना चांगलेच लोक भेटले वाटतं. मला कॉलेजच्या वार्षिक अंकात दिलेली कविता एका सरांनी भर वर्गात नक्कल करून वाचून दाखवली. 'हृदयाच्या हिरवळीवर' असं काहीतरी होतं, वाईटच होतं, कबूल. वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर बावीस वर्षं एक ओळ नाही. कोणतं कॉलेज, कोण सर ते जाऊ दे. कोविडमध्ये घरात बसल्या बसल्या परत सुरू केलं. अजून कोणाला दाखवलेलं नाही.

जुनी_वही
@कच्चा_माल वाईट ओळ कोणाची नसते हो. माझ्या त्याच कवितेत 'मेघांचे ढोल' होते. दाखवा की इथे.

कच्चा_माल
बघू.

कुकरची_शिट्टी
आले. दूध गेलंच उतू. 'छान' सोडून म्हणालात म्हणून सांगते, आमच्या ह्यांना मी लग्नानंतर चौदा वर्षं कविता वाचून दाखवल्या, चौदा वर्षं 'छान'. एकदा मुद्दाम वाण्याची यादी चालीत म्हटली. तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे अर्धा. 'छान.' तेव्हापासून मी नणंदेला पाठवते. ती म्हणते, हे काही कळलं नाही वहिनी. ते बरं वाटतं.

रातपाळी
😂😂 तूरडाळ
मी नर्स आहे. रात्री तीन ते पाच फार लांब असतात. वॉर्ड शांत असला की तापाच्या तक्त्यामागे पेन्सिलने दोन ओळी लिहायचे. एकदा आमच्या सिस्टर-इन-चार्जनी पकडलं. वाटलं आता मेमो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या चार्टच्या मागे नको लिहूस, पेशंट गेला की कागद जातो. जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिही, रजिस्टर कोणी टाकत नाही. आणि दुसऱ्या रात्री स्वतः एक रजिस्टर आणून दिलं, निम्मं कोरं.
त्या चांगलं-वाईट काहीच म्हणाल्या नाहीत. पुढे कधी विषयही काढला नाही.

अमरावतीकर
आमच्याकडे गझलेचं खूळ घरोघरी आहे भाऊ, गाव सुरेश भटांचं. भटांनी नवीन लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' करून ठेवली होती, कोणी पत्र टाकलं की ते पाठवायचे. आमच्या मामांकडे तिची झेरॉक्स, हळदीचे डाग पडलेली. मी अकरावीत पहिली गझल नेली. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, एकीकडे 'सावली', दुसरीकडे 'बाहुली'. मामा म्हणे आधी चहा पी. मग म्हणे, 'ली'च्या आधी सावलीत काय ऐकू येतं? 'व', म्हणजे अ. आणि बाहुलीत? 'हु', म्हणजे उ. मग जुळलं कुठं? अलामत गेली ना बाप्पा तुझी.
मी रडकुंडीला. मग म्हणे, 'खयाल तुझा आहे ना, चोरीचा नाही? मग बाकीचं येते.'
चोरीचाच होता खरं तर. त्या दिवशी बोललो नाही.

शब्दवेडी_२२
अलामत म्हणजे नक्की काय, कोणी सोपं करून सांगेल का? मला रदीफ (शेवटी तोच तोच येणारा शब्द) आणि काफिया (त्याआधीचं यमक) इथपर्यंत कळतं

अमरावतीकर
काफियात जे अक्षर कायम राहतं त्याच्या आधीचा स्वर. तो पहिल्या शेरात ठरला की शेवटपर्यंत तोच. सावली, काजळी चालणार नाही कारण ली-ळी वेगळं. सावली, मखमली चालेल. वेगळा धागा काढा ताई, इथे वाळवी चालू आहे.

डॅलसहून
वाळवीवरून, इथे घरंच लाकडाची असतात, दर वर्षी माणूस येऊन तपासून जातो. असो. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. मी अष्टाक्षरी म्हणत होते तर तो बोटं मोजत होता. मध्येच म्हणाला, आई, यू लॉस्ट वन. मोजलं तर सातच होती.

दुपारचा_चहा
पहिल्यांदाच लिहितेय. रोज वाचते फक्त. @कच्चा_माल दादांच्या आधी मीच धीर करते. हसू नका.

ओट्यावर ठेवलेला
चहा गार झाला आहे
खिडकीत आलेली चिमणी
मला काही सांगू पाहे

जुनी_वही
पहिल्या दोन ओळी फार आवडल्या. का ते सांगतो, त्यात काही समजावलेलं नाही. चहा गार झाला, बस. पण तिसरीत मोजा बरं. खिडकीत चार, आलेली तीन, चिमणी तीन.

दुपारचा_चहा
अय्या, दहा! रोज म्हणते तरी कळलं नाही.

मडगावची_मावशी
'खिडकीत ती चिमणी' कर गे. आठ होतात.

रातपाळी
मावशींचं बरोबर. मला चौथीचं खटकलं, रागावू नका. चिमणी काही सांगत-बिंगत नसते. रात्री आमच्या खिडकीत कबुतर बसतं, ते नुसतं बघत बसतं, तेच जास्त अंगावर येतं.

दुपारचा_चहा
रागावत नाही ताई. खरं आहे, नुसती बघतेच ती. थांबा.

ओट्यावर ठेवलेला
चहा गार झाला आहे
खिडकीत ती चिमणी
रोज मला पाहताहे

असं?

अमरावतीकर
आता कसं.

वेबिल
ही घाटात म्हणण्यासारखी आहे.

आसोद्याचा_भाचा
'रोज' आल्यामुळे चहा पण रोज गार होतो असं वाटायला लागलं. आधी एकदाच झाला होता.

दुपारचा_चहा
होतोच की रोज. सासूबाईंचं औषध, मग मुलाची बस, मग भांडीवाली. तोवर होतो.

कच्चा_माल
मी आणलीय एक. पण आता तुमच्या चिमणीनंतर नको, उद्या टाकतो.

जुनी_वही
उद्या नक्की. आणि ते कार्ड दाखवा म्हणून दोघांनी निरोप पाठवलेत, पण त्यावर जुना पत्ता आहे, तो झाकून फोटो काढतो. संपादक जाऊन बरीच वर्षं झाली. मी आज बायकोला विचारलं, तुला माझी ती पावसाची कविता आठवते का. ती म्हणाली, 'नवा पावसाळा'वाली ना? एवढंच आठवतं तिला. मी लग्नाआधी म्हणून दाखवली होती म्हणे, दुरुस्त केलेली.

कुकरची_शिट्टी
बघा! आमचे हे असते तर 'छान' आठवलं असतं.
रॉकेल मिळत नसेल तर कडुलिंबाचा पाला ठेवा, पण दर महिन्याला बदलावा लागतो.

दुपारचा_चहा
दुसरं कडवं उद्या. आत्ता पाहुणे आलेत.

वेबिल
तो चहा परत गरम करून देऊ नका पाहुण्यांना. कडू होतो.