पंक आणि प्रॉग एकाच बैठकीत: दोन तासांसाठी गाणी सुचवा

आडवा_ठेका
दहा-बारा जणांची ऐकायची बैठक ठरते आहे. निम्मे प्रॉगचे (लांबलचक, गुंतागुंतीचं प्रोग्रेसिव्ह रॉक), म्हणजे येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइडवाले; निम्मे पंकचे (छोटी, आक्रमक गाणी), म्हणजे रामोन्स, क्लॅश, डॅम्डवाले. दोन्हीकडच्यांना समोरचं संगीत म्हणजे अनुक्रमे गोंगाट आणि पाल्हाळ वाटतं. वेळ दोन तास, मध्ये चहा. साधे दोन स्पीकर, बरंचसं मोबाइलवरून, थोड्या रेकॉर्डी.
हवंय ते असं:
१) दोन्ही प्रकार खरोखर एकमेकांत मिसळतात अशी गाणी. एक यांचं, एक त्यांचं असा हळदीकुंकवाचा कार्यक्रम नको.
२) क्रम.
३) जुन्या-नव्या रेकॉर्डिंगचा आवाज वरखाली होतो, त्यावर उपाय.

गेटफोल्ड
पहिली गोष्ट, येस आणि ईएलपी (इमर्सन, लेक अँड पामर) घेऊन समेट घडवायला जाऊ नका. पंकवाल्यांचा राग होता तो मुख्यतः त्यांच्यावर, आणि तिथे तो आजही कायम राहील. दुवा दुसऱ्याच गल्लीत आहे: व्हॅन डर ग्राफ जनरेटर, किंग क्रिमसन, जर्मनीचा कॅन.

'आय हेट पिंक फ्लॉइड' असा शर्ट घालणारा सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन १९७७च्या जुलैत लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्डी घेऊन बसला. त्यात पीटर हॅमिलची दोन गाणी होती. हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफचा गायक, म्हणजे शुद्ध प्रॉग गोत्र. शिवाय कॅन होता, कॅप्टन बीफहार्ट होता. ती दोन्ही गाणी 'नादिर्स बिग चान्स' या १९७५च्या अल्बममधली. हॅमिलने त्यात नादिर नावाच्या सोळा वर्षांच्या भांडकुदळ पोराचं सोंग घेतलंय, आणि गाण्यांचं वर्णन करताना कव्हरवर 'पंक' हा शब्दही वापरलाय. पिस्टल्सची पहिली रेकॉर्ड त्यानंतर पावणेदोन वर्षांनी आली.

यातलं शीर्षकगीत (साडेतीन मिनिटं) पहिलं लावा, नाव न सांगता. पंकवाले स्वतःच्या खात्यात जमा करतील. मग सांगा की वाजवणारे सगळे व्हॅन डर ग्राफचेच आहेत. लगेच किंग क्रिमसनचं 'रेड' (१९७४, सव्वासहा मिनिटं). तिघांचा बँड, सोलो जवळपास नाही, एकच रिफ (गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) घासत नेलेला.

व्हॅन डर ग्राफचं एकच घ्यायचं तर 'गॉडब्लफ'मधलं 'अ‍ॅरो', सुमारे दहा मिनिटं. या बँडच्या आवाजात गिटार नावापुरती. डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरतो, ह्यू बँटन ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर बास वाजवतो. गिटार-सोलोचा मोह मुळातच नसल्याने पंकच्या कानाला हे कमी खुपतं. त्यांचा 'पॉन हार्ट्स' अल्बम मात्र बैठकीत लावू नका. तेवीस मिनिटांचं 'लाइटहाउस कीपर्स' ऐन भरात येईतो अर्धी मंडळी मोबाइलवर असतील.

चौथा_कॉर्ड
गेटफोल्डना +१. उलट दिशेची वाहतूकही सांगतो.

डॅम्डचा दुसरा अल्बम 'म्युझिक फॉर प्लेझर' (१९७७) फ्लॉइडच्या निक मेसनने प्रोड्यूस केला, तोही फ्लॉइडच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत. त्यांना हवा होता फ्लॉइडचा जुना गायक-गिटारवादक सिड बॅरेट, मिळाला ड्रमर. अल्बम पडेल आहे, उगाच पूर्ण लावू नका. शेवटचं 'यू नो' तेवढं घ्या, पाच मिनिटं. त्यात लॉल कॉक्सहिलचा सॅक्सोफोन आहे, जो आधी प्रॉगकडच्या केव्हिन एअर्सच्या बँडमध्ये होता.

कीथ लेव्हीन: क्लॅशच्या पहिल्या फळीतला, मग रॉटनच्या पुढच्या बँडचा, म्हणजे पब्लिक इमेजचा गिटारवादक, आणि पोरवयात येसचं सामान उचलणारा. येसचा गिटारवादक स्टीव्ह हाउ त्याचा आवडता. पब्लिक इमेजचं 'थीम' (१९७८) नऊ मिनिटं चालतं. त्याच्या गिटारीत ब्लूज अजिबात नाही, मोकळ्या तारा नुसत्या खणखणत राहतात. प्रॉगवाल्यांना याचा उगम बरोबर ओळखू येतो.

पब्लिक इमेजच्या 'मेटल बॉक्स'ची (पत्र्याच्या डब्यात आलेला अल्बम) मूळ प्रत कुणी आणणार असेल तर दोन गोष्टी. त्या तीन बारा-इंची रेकॉर्डी ४५च्या वेगाच्या आहेत. ३३वर लावल्या तर संगीत मुळातच इतकं संथ आणि खर्जातलं की बराच वेळ चूक कळत नाही, गाणारा तोंड उघडेपर्यंत. आणि डबा इतका घट्ट असतो की रेकॉर्ड नखाने उचकटावी लागते, त्यात ओरखडे पडतात. डबा हलकेच पालथा करून हातावर घ्या. १९८०ची 'सेकंड एडिशन' असेल तर ती दोन रेकॉर्डींत, ३३वर.

तेरावी_मात्रा
मोजायला आवडणाऱ्यांसाठी दोन गाणी.

स्ट्रँगलर्सचं 'गोल्डन ब्राउन'. सुरुवातीच्या हार्प्सिकॉर्डवर असं मोजा: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन चार. टाळी फक्त 'एक'वर. तेरा होतात. लोक हमखास चौथ्या गटात चुकतात, कारण तोवर शरीराला तीनची सवय लागलेली असते आणि टाळी एक मात्रा आधी पडते. गाणं सुरू झालं की जास्तीची मात्रा जाते, सरळ तीनाचा झोका राहतो; तिथेही तेरा मोजत बसलात तर पुन्हा घोळ. पंक म्हणून विकल्या गेलेल्या बँडने हे १९८२मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं.

दुसरं, नव्या किंग क्रिमसनचं 'फ्रेम बाय फ्रेम' (१९८१). दोन गिटारी एकच सातांची नक्षी विणत असतात. मग एक चौदांचं आवर्तन धरून राहते, दुसरी त्यातला एक सूर गाळून तेरांचं करते. दर फेरीला ती एका सुराने पुढे सरकते. नुसतं ऐकून सुटत नाही. अर्ध्या लोकांनी डाव्या स्पीकरजवळ, अर्ध्यांनी उजव्याजवळ उभं राहायचं आणि आपल्याच गिटारीबरोबर मान हलवायची. मानांची फाटाफूट दिसते.

अवांतर: सातांचं दिसलं की आपल्याकडचे रूपक ताल म्हणून मोजायला धावतात. रूपकात समेवर खाली असते; इथे पहिली मात्रा ठोकून येते. रूपकाचे बोल मनात धरलेत तर वजन उलटं पडतं.

उलटी_बाजू
सगळं खरं, पण भांडण खोटं होतं असा सूर लागतोय, तो मान्य नाही. पैशाचं भांडण खरंच होतं. १९७७मध्ये ईएलपी सत्तरेक जणांचा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले आणि खर्च न झेपून त्याला वाटेत सोडावं लागलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत बझकॉक्सनी ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' काढली. चार गाणी, एका दिवसात रेकॉर्ड, पहिल्या हजार प्रती. डेस्परेट बायसिकल्सची पहिली सिंगल १५३ पौंडांत निघाली आणि बाकीच्यांनीही काढावी असा त्यांचा आग्रह होता. हा फरक आवडीनिवडीचा नाही. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा, प्रॉगवाल्यांचा लाडका कीबोर्ड) परवडणारा आणि न परवडणारा, असा आहे.

दुसरी अर्धवट समजूत म्हणजे पंकने प्रॉग संपवलं. येसचा 'गोइंग फॉर द वन' त्याच १९७७मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता.

आता तुमच्या कामाचं. 'स्पायरल स्क्रॅच' आल्यावर हॉवर्ड डिव्होटो बझकॉक्स सोडून गेला आणि त्याने मॅगझीन नावाचा कीबोर्डवाला बँड काढला. 'स्पायरल स्क्रॅच'मधलं 'बोअरडम' आणि मॅगझीनचं 'द लाइट पोअर्स आउट ऑफ मी' पाठोपाठ लावा. माणूस तोच, मध्ये जेमतेम दीड वर्ष. आणि स्वतःच्या हिमतीवर रेकॉर्डी काढणं ही पंकचीच मिरास नव्हे. प्रॉगकडचा हेन्री काउ आणि युरोपातले आणखी चार बँड मार्च १९७८मध्ये लंडनला 'रॉक इन ऑपोझिशन' म्हणून एकत्र आले ते याच कारणाने: कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. त्यांचं संगीत मात्र या बैठकीत नको, नवख्याला फार कडू लागतं. त्याऐवजी धिस हीटचं 'हॉरिझॉन्टल होल्ड', सात मिनिटं. ड्रमर चार्ल्स हेवर्ड आधी क्वाएट सन या पक्क्या प्रॉग बँडमधला.

गेटफोल्ड
उलटी_बाजू, मेलोट्रॉनचा मुद्दा मान्य. म्हणूनच किंग क्रिमसनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप महत्त्वाचा. १९७४मध्ये त्याने क्रिमसन मोडला आणि पुढे एकटा गिटार व दोन टेपरेकॉर्डर घेऊन लहान जागांत वाजवत हिंडला. ब्लाँडीच्या 'फेड अवे अँड रेडिएट'मध्ये (१९७८) गिटार त्याची. त्याच्या 'एक्स्पोझर'मधलं (१९७९) 'डिसएंगेज' तीनच मिनिटांचं, आणि त्यात ओरडतोय तो हॅमिल.

जेनेसिसचा जुना गायक पीटर गॅब्रिएल याच्या १९८०च्या अल्बमशिवाय ही बैठक अपुरी. प्रोड्यूसर स्टीव्ह लिलीव्हाइट, त्याआधी सूक्सी अँड द बन्शीज आणि एक्सटीसी केलेला. 'अँड थ्रू द वायर'वर जॅम या पंककडच्या बँडचा पॉल वेलर गिटारला. 'इंट्रूडर'वर फिल कॉलिन्सचे ड्रम, झांजांना बंदी. खोलीचा आवाज दाबून फुगवायचा आणि नॉइज गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र) मध्येच कापायचा, त्यामुळे प्रत्येक ठोका भिंतीवर आदळून तिथेच मरतो. झांजा असत्या तर त्यांची लांब शेपूट गेट उघडं ठेवते आणि सगळा खेळ बिघडतो.

पंखा_बंद_करा
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. जुनी सीडी आणि २०००नंतरचं रिमास्टर यांत ६ ते ८ डेसिबलचा फरक सहज पडतो. अ‍ॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय चालू करा. अल्बमनुसार आणि गाण्यानुसार असे पर्याय असतील तर गाण्यानुसार, कारण यादी मिश्र आहे. स्वतःच्या फाइल असतील तर मोठी गाणी खाली आणा. छोटी वर चढवू नका, नाहीतर शिखरं कापली जाऊन ड्रम चपटे होतात. क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) शून्यावर, नाहीतर 'इंट्रूडर'चा पहिला ठोकाच गिळला जाईल.

व्हॉल्यूम ठरवायचा तो छतपंखा चालू ठेवून, 'अ‍ॅरो'च्या सुरुवातीच्या हळू भागावर. मग तेवढ्याच आवाजात 'नादिर' लावून बघा. असह्य झालं तर आधी पंखा कमी करा, मग व्हॉल्यूम.

आडवा_ठेका
वाचनखूण साठवली. यादी अशी: नादिर, रेड, यू नो, अ‍ॅरो, थीम, चहा, डिसएंगेज, फेड अवे, अँड थ्रू द वायर, इंट्रूडर, द लाइट पोअर्स, गोल्डन ब्राउन, फ्रेम बाय फ्रेम, हॉरिझॉन्टल होल्ड, आणि शेवटी डॅम्डचं सतरा मिनिटांचं 'कर्टन कॉल'. चालेल?

चौथा_कॉर्ड
वेळ बसत नाही. गाणीच सुमारे ८८ मिनिटं. प्रत्येकामागे दोन मिनिटं बोलणं धरलं तर २८, चहा १०. एकूण १२६. 'कर्टन कॉल' काढा; पंक बँडसुद्धा लांबण लावू शकतो एवढंच त्यातून सिद्ध होतं, आणि ते 'थीम'ने आधीच झालेलं असतं. मग १०७वर येता. उरलेल्या तेरा मिनिटांत 'बोअरडम' घाला.

तेरावी_मात्रा
आणि 'फ्रेम बाय फ्रेम' दोनदा लावा. पहिल्या वेळी मान कुणाचीच हलत नाही.