पाचवी कुठे असावी? गावातल्या झेडपी शाळेत की हायस्कूलला?

माणदेशी

आमच्या वाडीची जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंत. पाचवीचं हायस्कूल पुढच्या मोठ्या गावात. दरवर्षी जूनमध्ये तोच खेळ: दाखले काढायचे, नवा गणवेश, रिक्षावाला ठरवायचा, आणि दहा वर्षांच्या पोराला पहाटे उठवून रस्त्याला लावायचं.

शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिसरी, चौथी, पाचवी हा एकच टप्पा धरलाय. म्हणजे केंद्राचा कायदा आणि धोरण, दोन्ही पाचवीपाशी थांबतात. आपल्या शाळा मात्र अजून जुन्या चौथी-सातवी-दहावीच्या मापात बांधलेल्या. त्यात आता शिष्यवृत्ती परीक्षाही पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणली. शाळा कायद्याप्रमाणे वाढवायच्या सोडून परीक्षाच मागं ओढली.

माझं म्हणणं एवढंच की चौथीच्या प्रत्येक झेडपी शाळेला पाचवी जोडा. मग परीक्षा पाचवीला ठेवा. तुमचं काय मत?

खडूफळा

माणदेशी दादा, तळमळ कळते, पण सहमत नाही. मी झेडपीतच शिकवतो, म्हणून आतलं सांगतो.

निकष असा आहे की साठ पटापर्यंत दोन शिक्षक. समजा तुमच्या शाळेचा पट ४८ आहे. पाचवीची नऊ पोरं थांबली की ५७ झाला. वर्ग चाराचे पाच झाले, शिक्षक दोनच राहिले. आज एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. पाचवी कुठं बसवू? पहिलीचं पोर अक्षर गिरवतंय, त्याला सोडून मी पाचवीचे अपूर्णांक घेऊ? पाचवीचा परिसर अभ्यास दोन भागांचा आहे. चौथीत शिवछत्रपती संपले की पाचवीत थेट अश्मयुग आणि मानवाची वाटचाल. ते गोष्टीसारखं सांगून भागत नाही, वेळ द्यावा लागतो. शिवाय दोघांतला एक जण महिन्यातून कितीदा बैठकीला, प्रशिक्षणाला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला जातो ते गावाला विचारा.

शिष्यवृत्ती चौथीला आली हे तर उत्तमच झालं.

जुनीवही

खडूफळा सरांना अनुमोदन, विशेषतः शिष्यवृत्तीबद्दल.

ही परीक्षा १९५४-५५ पासूनची. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती म्हणजे झेडपी शाळेची इज्जत होती. गुरुजी डिसेंबरपासून जादा तास घ्यायचे, रात्री अभ्यासिका चालायची, गुणवत्ता यादीत पोरगं आलं की सरपंच फेटा बांधायचा. २०१६-१७ ला परीक्षा पाचवीला नेली आणि सगळं ढेपाळलं. कारण साधं आहे. पोरगं जूनमध्ये हायस्कूलला गेलं आणि फेब्रुवारीत परीक्षा. ज्या गुरुजींनी चार वर्षं घडवलं त्यांच्या हातात ते नाही, आणि ज्यांच्या हातात आलं त्यांना त्याचं नाव पाठ होईपर्यंत दिवाळी उजाडते. तिथल्या शिक्षकांचा जीव दहावीच्या निकालात अडकलेला. पाचवीची बुद्धिमत्ता चाचणी कोण घेत बसणार?

माणदेशी

जुनीवही काका, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की! परीक्षा पाचवीला होती आणि पाचवी गावात नव्हती, म्हणून ढेपाळलं. पाचवी गावात असती तर तेच गुरुजी, तेच जादा तास, फक्त पोरगं एक वर्षानं मोठं. पेपर बघा: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, एकूण ३०० गुण, त्यात इंग्रजीपण. नऊ वर्षांच्या पोराला गोल रंगवायला बसवण्यापेक्षा दहाव्या वर्षी बसवलेलं बरं.

खडूफळा सर, तुमचं गणित पटलं. पण ते पाचवीच्या विरोधात नाही, शिक्षकाच्या निकषाच्या विरोधात आहे. दोन शिक्षकांत चार वर्ग चालतात ते तरी बरोबर आहे का? ते चाललेलं आपण वीस वर्षं गप बघतोय, म्हणून पाचवीची मागणी अवाजवी वाटते.

सहावा तास

मी अनुदानित हायस्कूलला आहे. आता सगळे माझ्यावर तुटून पडणार, तरी लिहितो.

आमच्याकडे पाचवीपासून वर्ग आहेत. गणिताला गणिताचा, इंग्रजीला इंग्रजीचा माणूस. मैदान आहे, क्रीडा शिक्षक आहे, कसली का असेना प्रयोगशाळा आहे. नऊ पोरांच्या वर्गात कबड्डीचा संघही होत नाही. चाळीस पोरांत बसल्यावर मुलाला आपण कुठे आहोत ते कळतं. आणि पाचवी काढली तर तुकड्या कमी होतात, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्यांचं समायोजन कुठं, कधी, किती लांब, याची खात्री कुणी देत नाही.

माणदेशी

म्हणजे पोरांनी तुमच्या पदासाठी तंगडतोड करायची.

सहावा तास

हा टोमणा झाला, उत्तर नाही. पद गेलं तर फक्त माझं जात नाही, सहावी-सातवीचा गणिताचा माणूसही जातो. तुमचं पोर पुढच्या वर्षी तिथंच येणार आहे ना?

वाडीवरची

सहावा तास सर, मग एप्रिलमध्ये हायस्कूलचे शिक्षक उन्हातान्हात आमच्या दारी का येतात तेही सांगा. दप्तर देऊ, वह्या देऊ, रिक्षा आमची. आमच्याकडे तर दोन हायस्कूलचे गुरुजी एकाच ओट्यावर समोरासमोर आले होते. मैदान आणि प्रयोगशाळेचं कुणी बोललं नाही.

मला बोलायचंय ते मुलींबद्दल. एसटीचा मोफत पास मुलींना पाचवीपासून मिळतो. चांगली गोष्ट आहे, पण वाडीवर एसटी येत नाही, ती फाट्यावरून जाते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातली सायकल मिळते ती आठवीपासून, आणि तीही ठरलेल्या १२५ तालुक्यांत. म्हणजे पाचवी ते सातवी ही तीन वर्षं मुलगी चालणार नाहीतर बाप सोडणार. ज्या दिवशी बापाला मजुरीवर लवकर जायचं त्या दिवशी ती घरी. हजेरीपटावर ती 'अनियमित' होते. चौथीपर्यंत हुशार असलेली पोरगी सहावीत अनियमित का झाली, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

माणदेशी भाऊंना पूर्ण पाठिंबा.

फोंडेकर

गोव्यातून सांगतो. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि पाचवीपासून हायस्कूल हेच सर्रास आहे. अंतरं कमी, बस आहेत, म्हणून त्रास जाणवत नाही. पण सरकारी प्राथमिक शाळांचा पट तरी वाढला का? नाही. मुलाला पुढे ज्या हायस्कूलला घालायचंय त्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत पालक पहिलीपासूनच नाव घालतात. तुमची वाडीची शाळाही त्याच वाटेने जाईल असं मला वाटतं.

वऱ्हाडी ठेचा

पाचवीचं ठीक आहे हो, पण आठवीचं हसं झालंय ते पाहा आधी. आमच्या तालुक्यात सातवीच्या शाळांना आठवी जोडली. वर्ग जोडला, पाटी रंगवली, शिक्षक मात्र नाही. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे तीन विषयांचे शिक्षक पाहिजेत. आणि मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयात काय, तर वीसपेक्षा कमी पट असला तर त्या गटाला शिक्षकच मंजूर नाही. आता बोला! तुमची पाचवीबी अशीच जोडतील. कागदावर कायदा पाळला जाईल अन् पोट्टे रिकाम्या वर्गात बसतील. मी आठवीच्या वेळी जोरात समर्थन केलं होतं, आता पाचवीला करणार नाही.

खडूफळा

ठेचा भाऊंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं.

माणदेशी

ठेचा भाऊ, तुमचा अनुभव खरा, पण आठवी आणि पाचवी एका मापात मोजू नका. आठवीला विषयाचा शिक्षक लागतो. पाचवीला पहिली ते पाचवीचाच शिक्षक चालतो. पहिली-चौथीला शिकवायला पात्र असलेला माणूस पाचवीलाही पात्र आहेच, त्यासाठी वेगळा विषयशिक्षक नको. साठाच्या वर पट गेला तर शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानंच तिसरा शिक्षक मिळायला हवा. खडूफळा सरांच्या उदाहरणात चार पोरं अजून थांबली असती तर त्या निकषानं तिसरं पद मागता आलं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नाही झालं तर जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही नाही तर त्याच वर्गात. आता आमच्या वाडीतलं पोर हायस्कूलच्या पाचवीत नापास झालं तर जबाबदार कोण? हायस्कूल म्हणणार, "खालून कच्चीच आली." झेडपीचे गुरुजी म्हणणार, "आमच्याकडं होतं तोवर सगळं येत होतं." दोघंही खरं बोलत असतील, पण पोर मधल्यामधी त्याच बाकावर. पाचवी गावात असेल तर पहिलीपासून पाचवीपर्यंत एकाच शाळेला जाब विचारता येईल. मला पाचवी गावात पाहिजे ती मुख्यतः यासाठी. रस्ता, रिक्षा हे नंतरचं.

सहावा तास

जाबाचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडं 'खालून कच्ची आली' हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं, नाकारत नाही. पण त्यावर उपाय वर्ग हलवणं हाच का? एप्रिलमध्ये झेडपीच्या गुरुजींनी प्रत्येक मुलाची वाचन-गणिताची नोंद दाखल्यासोबत दिली आणि आम्ही जूनचा महिना त्यावरच घातला, तरी निम्मं काम होईल. त्याला ना शासन निर्णय लागतो, ना पद.

जुनीवही

नोंद देतात हो सर, प्रगतिपत्रकात सगळ्यांना 'अ' श्रेणी असते.

वाडीवरची

😄 खरंय. माणदेशी भाऊ, पुढं काय करताय ते सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकच असतात, त्यात निम्म्या बायका. ठराव आपल्याच हातात आहे.

माणदेशी

ठराव मांडणार आहे. त्यात दोन ओळी घालतोय: पाचवी जोडा, आणि तिसरं पद मंजूर झाल्याशिवाय वर्ग सुरू करू नका. दुसरी ओळ ठेचा भाऊंमुळे आली.

वऱ्हाडी ठेचा

दुसरी ओळ घातली की पहिली पास होत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आधी पट दाखवा म्हणतील, तुम्ही म्हणाल आधी पद द्या. आमची फाइल तिथंच अडकून आहे. तरी मांडा. आणि यंदाच्या चौथीच्या पालकांना आधी विचारा, दाखले काढायचे थांबतील का? ते थांबले नाही तर ठरावाचा काही उपयोग नाही.

माणदेशी

तेच विचारत फिरतोय सध्या. काही हो म्हणालेत. बाकीचे म्हणतात, हायस्कूलची रिक्षा दारात येते, तुमचा ठराव कधी येणार?