पोलिसांचं वापरलेलं रिव्हॉल्व्हर विकत मिळतं का? (.३२ चं लायसन्स आलंय)

विटेकर_गलाईवाला

रामराम मंडळी. प्रश्न जरा वेगळाच आहे पण इथं माजी पोलीस, माजी सैनिक बरेच आहेत म्हणून विचारतोय. आमचा गलाईचा (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा) धंदा, थोरला भाऊ केरळात दुकान सांभाळतो आणि मी इकडं विट्यात. सोनं आणि रोकड घेऊन येणंजाणं असतंय, मागं एकदा रात्री मायणी रोडला दोन मोटरसायकली लय वेळ मागं लागल्या होत्या, तेव्हापासून घरच्यांनी डोकं खाल्लं आणि मी लायसन्सला अर्ज टाकला. दीड वर्ष फेऱ्या मारून आता .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) हातात आलंय, हत्यार घ्यायची मुदत पण त्यावर लिहून दिलीय.

आता नवीन कानपूरचं (तिथल्या सरकारी कारखान्यातलं) रिव्हॉल्व्हर म्हणजे लाखाची गोष्ट. आणि आमचा मावसभाऊ टेक्सासला असतो, ग्रीन कार्डवाला, त्यानं परवा व्हिडिओ कॉलवर एक ग्लॉक २२ पिस्तूल दाखवलं, म्हणे तिथल्या पोलिसांचं वापरलेलं, साडेतीनशे डॉलरला घेतलं. वरच्या कडा घासून पांढऱ्या पडलेल्या, बाकी एकदम टकाटक. तो म्हणतो तिकडं पोलीस खातं जुनी पिस्तुलं दुकानदाराला देतं आणि नवीन घेतं, आपण जुना फ्रिज देऊन नवीन घेतो तसं.

तर आपल्याकडं पोलिसांच्या जुन्या जीपा लिलावात निघतात, पेपरला जाहिरात येते, माझ्या चुलत्यानं एक घेतली पण होती (सहा महिन्यांत इंजिन बसलं तो भाग वेगळा). मग जुनी रिव्हॉल्व्हरं का निघत नाहीत? का निघतात आणि आपल्याला माहीत नसतं? दुसरं म्हणजे एकजण चहाच्या टपरीवर भेटला, ओळखीतून ओळख, तो म्हणतो "पोलिसातलं जुनं नाइन एमएम आहे, पन्नास हजारात देतो, कागद मागनं करू". हे कितपत खरं?

कोतवाला_आबा

पोरा, आधी टपरीवाल्याचं सांगतो, बाकीचं मागनं. त्याचा नंबर मोबाईलमधनं काढून टाक आणि परत त्या टपरीवर चहासुद्धा पिऊ नकोस. तीन गोष्टीतली एक असणार. एक तर ते पोलिसातलं नाहीच, कुठल्यातरी भट्टीवरचा देशी कट्टा पॉलिश करून नाइन एमएम म्हणून खपवतोय. दुसरं, खरंच सरकारी असंल तर चोरीचं आहे. आणि तिसरं, तो पोलिसांचाच माणूस आहे आणि तुझ्यासारखाच कोण गळाला लागतो बघत बसलाय.

मी पोलिसात आर्मोरर (हत्यारं सांभाळणारा, दुरुस्त करणारा) होतो, सगळी नोकरी कोतात गेली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली.) कोतातल्या प्रत्येक हत्याराला बट नंबर असतो, बॉडी नंबर असतो, रजिस्टरला सही करून जातं आणि सही करून येतं, गोळ्या मोजून दिल्या जातात आणि मोजून घेतल्या जातात. सरावाला गेलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून जमा करायच्या. एकदा पावसाळ्यात मैदानावर एक पुंगळी कमी भरली तर आम्ही बारा माणसं अंधार पडेपर्यंत गवतात गुडघे टेकून शोधत होतो, शेवटी एकाच्या बुटाच्या चिखलात सापडली. तिथं अख्खं पिस्तूल "जुनं झालं म्हणून विकलं" असं होत नाही. हत्यार निकामी ठरलं की बोर्ड बसतो, कंडम ठरवतो आणि ते नष्ट करायला जातं. जीपचा लिलाव होतो कारण जीप कुणीपण घेऊ शकतो, हत्यार नाही.

आणि समज उद्या सरकारनं विकायला काढलं तरी तुला घेता येणार नाही. कारण बोअर. पोलिसांकडं असतंय नाइन एमएम पिस्तूल, जुन्या काळात .३८ चं वेब्ली (इंग्रजी कंपनीचं रिव्हॉल्व्हर), रायफलीत .३०३. हे सगळे बोअर सामान्य माणसाला बंद, कायद्याच्या भाषेत प्रतिबंधित बोअर. .४५५ पण बंद. हे इंग्रजांच्या डोक्यातनं आलेलं आहे, फौजेची गोळी चोरीला गेली तर ती बाहेरच्या कुठल्याच बंदुकीत बसू नये. म्हणून पब्लिकला रिव्हॉल्व्हर .३२ आणि रायफल .३१५. तुझ्या लायसन्सवर .३२ लिहिलंय ते उगाच नाही.

शिक्षा पण ऐकून ठेव. २०१९ ला शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, विनापरवाना प्रतिबंधित हत्यार जवळ सापडलं तर सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत. तुझ्याकडं .३२ चं लायसन्स आहे ते त्या नाइन एमएमला कसलाच आधार देत नाही, उलट असलेलं लायसन्स पण जाणार. पन्नास हजारात सात वर्षं.

ह्यूस्टनकर_कराडचा

आबांनी बरोबर सांगितलं. तुमच्या मावसभावाच्या बाजूचं मी सांगतो, कारण मी पण इकडं हेच धंदे करतो 😀 कराडात आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती आणि इकडं आल्यावर शेजाऱ्यानं रेंजवर नेलं तेव्हापासून नाद लागला.

इकडं स्वस्त पोलिस पिस्तुलं एवढी का मिळतात त्याला एक गोष्ट आहे. १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट मेले, आणि पिस्तुलाची गोळी कमी पडली असा निष्कर्ष निघाला. मग जास्त ताकदीची गोळी शोधता शोधता १९९० ला .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) नावाची गोळी आली आणि देशभरातल्या पोलिसांनी ती उचलली, ग्लॉक २२ हे त्याच गोळीचं पिस्तूल. पुढं नाइन एमएमच्या गोळ्याच इतक्या सुधारल्या की एफबीआय परत नाइन एमएमकडं वळली, .४० चा झटका जास्त, नेम लागायला उशीर. एफबीआय वळली की मागनं सगळी छोटी मोठी पोलीस खाती वळली. आणि ही सगळी .४० ची पिस्तुलं एकदम दुकानदारांकडं आली. म्हणजे तुमच्या भावाला स्वस्त मिळालं ते खराब आहे म्हणून नाही, फॅशन गेली म्हणून.

आता वापरलेलं असून टकाटक कसं, तर पोलीस पिस्तूल रोज कमरेला लावतो पण उडवतो किती? वर्षाला क्वालिफिकेशनच्या (नेमबाजीच्या परीक्षेच्या) वेळी आणि सरावाला तेवढंच. त्यामुळं बाहेरनं म्यानात आत-बाहेर करून कडा घासलेल्या, गाडीच्या सीटबेल्टला घासून मागचा भाग चकचकीत, आणि नळी आतनं जवळपास नवी. मी घेतलेल्याला रात्री चमकणारे साइट (नेम धरायच्या खुणा) होते, ट्रिटियम या किरणोत्सारी वायूचे, पण ते मेलेले. ट्रिटियम साधारण बारा वर्षांत निम्मा होतो, साइटवर तारीख कोरलेली असते, ती बघून पिस्तूल किती वर्षं ड्युटी करून आलंय ते कळतं. मी घेतल्यावर पहिल्यांदा रिकॉइल स्प्रिंग (झटका झेलणारी) बदलली, ती स्वस्तात येते. बाकी काही केलं नाही.

पण एक गैरसमज नको, इकडं पण टपरीवर मिळत नाही. लायसन्सवाल्या डीलरकडंच येतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो मगच हातात. आणि व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांनी तर भानगडीतच पडू नये, काही अपवाद सोडले तर त्यांना घेताच येत नाही, ग्रीन कार्डवाल्याला येतं. सगळीच पोलीस खाती विकतात असंही नाही, काही जण आपलं जुनं हत्यार गुन्ह्यात वापरलं गेलं तर बोंब होईल म्हणून तोडून टाकतात. यावर इकडं लय वाद चालतो.

आणि मावसभाऊ "येताना बॅगेत घालून आणतो" म्हणाला असंल तर त्याला आत्ताच फोन करा. चेष्टा नाही करत.

शिराळ्याचा_गडी

दादा रिव्हॉल्व्हर कशाला, डबल बार (दोन नळ्यांची) बारा बोअर बंदूक घ्या. आमच्याकडं चांदोलीकडनं गवे उतरतात उसात, बिबट्या तर रोजचाच. रिव्हॉल्व्हरनं डुक्करसुद्धा हलत न्हाई.

कोतवाला_आबा

अरे तो सोनं घेऊन गाडीतनं फिरणार आहे, गवा मारायला नाही निघाला. आणि गव्याला हात लावशील तर वनखातं तुला उचलंल ते वेगळंच, तो वन्यजीव कायद्यातल्या शेड्यूल एकचा, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे.

मिरज_जंक्शन

माझ्याकडं २००३ पासून लायसन्स आहे आणि दोन वेळा जुनं हत्यार घेतलंय, कायदेशीर, त्यामुळं कामाचं तेवढं सांगतो.

जुनं पाहिजेच असंल तर पोलिसांचं सोडा, लायसन्सवाल्याचं जुनं बघा. म्हातारा माणूस वारला, पोरं पुण्याला, कुणाला लायसन्स करायचं नाही, मग ते हत्यार डीलरकडं जमा होऊन पडून राहतं. अशी लय रिव्हॉल्व्हरं असतात आणि वापर म्हणाल तर बऱ्याच वेळा लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडण्यापुरता. तुम्ही अमेरिकेतल्या पोलिसाचं म्हणताय ना, कमी उडवलेलं आणि बाहेरनं घासलेलं, आपल्याकडं ते वकिलाच्या नाहीतर पाटलाच्या कपाटात असतं.

थेट लायसन्सवाल्याकडनं घ्यायचं तर विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, शस्त्र कायदा कलम ५. पोचपावतीची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. घेतल्यावर तुमच्या लायसन्सवर नंबर, मेक, बोअर चढवून घ्यायचं, आणि त्याच्या लायसन्सवरनं कमी झालेलं डोळ्यांनी बघायचं. हे दुसरं लोक विसरतात. लायसन्स राज्यापुरतं आहे का भारतभर ते पण बघा, भाऊ केरळात म्हणताय, कर्नाटकाच्या हद्दीतच अडचण यायची.

परदेशी मेकच्या मागं लागू नका. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली तेव्हापासून जुनं वेब्ली स्कॉट, वॉल्थर असलं काही निघालं की भाव ऐकून फेटा उडतो. कानपूरचंच घ्या. गंमत म्हणजे कानपूरच्या .३२ ची घडण त्याच जुन्या वेब्लीवरनं घेतलेली आहे, आबा म्हणतात तेच .३८, फक्त बोअर लहान. म्हणजे पोलिसाचं जुनं रिव्हॉल्व्हर पाहिजे होतं ना, त्याचं धाकटं भावंड तुम्हाला कायद्यानं मिळतंय. २०१४ ला त्यांनी निर्भीक म्हणून हलकं काढलं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, बायकांसाठी म्हणून जाहिरात केली होती.

बघताना काय बघायचं: आधी स्वतः मोडून (म्हणजे नळी खाली वाकवून उघडून) चक्रातली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत बघा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. मग बंद करून नळी एका हातात आणि मूठ एका हातात धरून हलकं हलवा. वेब्लीची घडण मधनं मोडणारी, तिचा जीव सगळा बिजागरीत आणि वरच्या खटक्यात. टिक टिक वाजलं तर खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या. मग घोडा ओढून चक्र बोटानं हलवून बघा, प्रत्येक घराला, सहा वेळा. एखादंच घर ढिलं असतं आणि नेमकं तेच बघायचं राहतं. नळीत मागनं पांढरा कागद धरून पुढनं बघा, काळे खड्डे दिसले तर ते गंजाचे. आणि नंबर. नंबरावर घासल्याची जरा जरी खूण दिसली तर हातसुद्धा लावू नका.

गंज कुठनं येतो ते पण सांगतो. निवडणूक लागली की आचारसंहितेत हत्यार जमा करायला लावतात. माझं एकदा एका ठाण्यात जमा केलं, सुतळीनं पुठ्ठ्याचा टॅग बांधला आणि इतरांच्या बंदुकांबरोबर कोपऱ्यात. पावसाळा मधे गेला. परत मिळालं तेव्हा सुतळी जिथं टेकली होती तिथं तेवढीच गंजाची रेघ, सुतळीचा पीळ न् पीळ उमटलेला. अजून आहे ती. तेव्हापासून मी जमा करताना तेल लावून, नंबरासकट फोटो काढून मगच देतो.

कोतवाला_आबा

सुतळी भिजली की ओल धरून ठेवती, म्हणून आम्ही कोतात तार वापरायचो. जंक्शनरावांचं बाकी सगळं पटलं. एक भर घालतो, गाडीतनं सोनं नेताना रिव्हॉल्व्हर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणार असशील तर नेऊच नको. गाडीबरोबर तेपण जाईल आणि मग तूच गुन्हा नोंदवायला रांगेत. आणि लग्नात हवेत उडवायचा मोह झाला तर त्यालापण २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. विट्यातली लग्नं बघितली आहेत मी.

विटेकर_गलाईवाला

आबा, लग्नाचं बोललात आणि बायको शेजारनं वाचत होती, आता सुटका नाही 🙏

टपरीवाल्याचा नंबर ब्लॉक केला. काल परत फोन आला होता दुसऱ्या नंबरवरनं, म्हणे चाळीसला देतो. दहा हजार एका दिवसात उतरला तेव्हाच समजलं काय ते. मावसभावाला पण विचारलं, तो म्हणतो बॅगेत बिगेत काही नाही, त्याच्या साइटपण मेलेल्याच आहेत, त्याला वाटलेलं बॅटरी संपली म्हणून तो सेल शोधत होता.

आज डीलरकडं जाऊन आलो. एका वारलेल्या वकिलांचं कानपूरचं आहे, मुलगी बेंगलोरला असते, तिला नको आहे. मोडून बघितलं, सहाही घरं बघितली, टिक टिक नाही. पण मुठीच्या लाकडावर एका बाजूला हळदीकुंकवाचा डाग आहे, पुसला तरी जात नाही, जंक्शनदादा म्हणाले तसलंच. डीलर म्हणतो पॉलिश मारून देतो. मी म्हटलं राहू दे. आधी वारसाचे कागद आणि लायसन्सवरची नोंद बघतो, सोमवारी कलेक्टर ऑफिसला जातोय.