नवीन पिल्लू फार मलूल आहे, खात नाही, खेळत नाही. रुळायला वेळ लागतोय की आजारी आहे? मदत हवी आहे

पावसाळी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच कुत्रं पाळतोय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आम्ही साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकांचं मेढ्याच्या पुढे शेत आहे, तिथे गोठ्यातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती त्यातलं एक आणलंय. देशीच आहे, मादी, ९ आठवड्यांची, तांबूस रंगाची. मुलाने नाव ठेवलंय बुंदी. आणून आठवडा होत आला.

तिथे बघायला गेलो तेव्हा हीच सगळ्यात आगाऊ होती, भावंडांच्या अंगावर उड्या काय मारत होती, माझ्या ओढणीचं टोक धरून ओढत काय होती, आणि इथे आल्यापासून जणू दुसरंच पिल्लू. दिवसभर झोपते. उठली की जरा हुंगत फिरते, शू करते आणि परत सोफ्याखाली जाऊन पडते. महागाचं पपी फूड आणलं, कोरडं दिलं तर हुंगून निघून जाते, भिजवून दिलं तर दोन-चार घास खाते न खाते. उकडलेलं अंडं आधी आवडीने खाल्लं, आता त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. बॉल टाकला तर बॉलकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते, की आता याचं मी काय करू. यूट्यूबवर सगळे सांगतात ट्रीट दाखवा, ट्रीट दाखवा, अहो पण जिला ट्रीटच नकोय तिला दाखवू काय?

उलटी नाही. शी आधी बरी होती, काल-परवापासून पातळ आणि काळपट होतेय. ताप नसावा, नाक गार लागतंय. शेतावर लस, जंताचं औषध काहीच दिलेलं नाही. आणल्या आणल्या एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले आधी रुळू दे, मग लस बघू. सासूबाई म्हणतात आईची आठवण काढतंय लेकरू, मिस्टर म्हणतात एवढंसं पोर आहे, झोपणारच. मला काही चैन पडत नाहीये. किती वाट बघायची आणि काय दिसलं की पळत सुटायचं, एवढं कुणीतरी नीट सांगा.

चहा_बिस्कीट

तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. या वयाची पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतात, त्यामुळे किती झोपते यावरून काही कळत नाही. जागी असते तेव्हा कशी असते ते बघायचं. ठणठणीत पिल्लू जागं असेल तेव्हा चावेल, पळेल, चपला पळवेल, आणि दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी संपल्यासारखं आडवं होईल. तुमची जागी असतानाही मरगळलेली दिसतेय, ते मला खटकतंय.

नाकावरून ताप कळत नाही हो, हे सगळीकडे पसरलेलं खूळ आहे. गार नाकाच्या कुत्र्यालाही ताप असतो आणि झोपेतून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाक गरम असतं. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन लावून शीच्या जागी अगदी थोडा आत, कुणीतरी पिल्लू धरायला हवं. नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. १०३ च्या वर गेला की ताप, आणि ९९ च्या खाली उतरलं तर ते जास्त वाईट.

आता जरा हे बघून सांगा. ओठ वर करून हिरड्यांचा रंग कसा आहे, गुलाबी की पांढुरकी? पोट कसं आहे, बाकी अंग बारीक आणि पोट टमटमीत असं? आणि कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का? गोठ्यातली आहे म्हणून विचारतेय.

पावसाळी

लगेच बघितलं. हिरड्या फिकट आहेत, म्हणजे मला तुलना करायला दुसरं कुत्रं नाही पण गुलाबी तर नक्कीच म्हणता येणार नाही. पोट टमटमीत आहे, आम्हाला वाटलं गुबगुबीत आहे. गोचीड आहेत हो, कानाच्या घडीत दिसले. ताप १०२ आला, धरायला सासूबाई होत्या, त्यांनी तोंड फिरवून धरलं :)

रानवाट

उगाच घाबरवू नका त्यांना. आमच्याकडे वाड्यावर पिढ्यान् पिढ्या कुत्री ताक-भाकरीवर वाढली, कुणी थर्मामीटर लावला नाही की पपी फूड आणलं नाही. गोठ्यातलं पिल्लू उचलून दुसऱ्या मजल्यावर गुळगुळीत फरशीवर ठेवलंत, आजूबाजूला ना आई ना भावंडं ना शेणाचा वास, ते बिथरणार नाही तर काय. दूध-भाकरी कुस्करून घाला, चार दिवसांत तुमचं घर डोक्यावर घेईल. देशी कुत्र्याला काही होत नसतं.

कुत्रेवाली_ताई

रानवाट, देशी कुत्र्याला काही होत नसतं हे खरं नाही हो. वाड्यावर जी जगली तीच तुम्हाला आठवतात, त्याच वेतातली जी महिन्या-दोन महिन्यांत गेली ती कुणी मोजली नाहीत.

पावसाळी, उद्यावर टाकू नका, आजच दाखवा. फिकट हिरड्या आणि काळपट पातळ शी एकत्र दिसलं की मला आधी हुकवर्मची शंका येते. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, ते रक्त पचून शीतून बाहेर येतं म्हणून शी डांबरासारखी काळपट दिसते. पिलांना हे आईच्या दुधातूनच मिळतात, त्यामुळे घर कितीही स्वच्छ ठेवलंत तरी ती घेऊनच आलेली असते. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार, ते कमी झालं की पिल्लू सुस्त होतं, भूक जाते, खेळायची इच्छा जाते. टमटमीत पोट बहुतेक गोल जंतांचं, दोन्ही एकदम असू शकतात. म्हणूनच जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला सहा महिन्यांचं होईपर्यंत देतात.

जाताना ताजी शी छोट्या डबीत घेऊन जा आणि स्टूल टेस्ट करा म्हणून स्वतःहून सांगा. गोचीड आहेत म्हणजे टिक फिव्हरपण डोक्यात ठेवावा लागेल, त्यातही रक्त कमी होतं, त्यासाठी रक्ताची स्लाइड बघतात. आणि लस झालेली नाही म्हणून पार्व्होचीही शंका, हा पिलांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार आहे. पार्व्होची सुरुवात अशीच होते, आधी नुसतं मलूल आणि खाणं बंद, मग एक-दोन दिवसांत उलट्या आणि घाण वास मारणारे रक्ताचे जुलाब. शीचा स्वॅब घेऊन किटवर दहा-पंधरा मिनिटांत कळतं. तुमच्यात उलटी नाही ही चांगली गोष्ट आहे पण वगळून टाकलेलं बरं.

किती वाट बघायची विचारलंत ना, तर लस न झालेल्या पिलाने दिवसभर अन्न नाकारलं की त्याच दिवशी. उलटी आणि जुलाब एकदम, शीत रक्त, हिरड्या पांढऱ्या, उभं राहताना लटपटणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. लटपटत असेल तर साखर उतरलेली असू शकते, बोटावर मध घेऊन हिरडीला चोळायचा आणि तसंच गाडीत बसायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी वगैरे ओतू नका.

घरातलं क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काही देऊ नका, कुत्र्याला विषासारखं आहे. आणि गोठ्यात गायींना लावायचं गोचिडाचं औषध कुणी सुचवलं तर तेही नको, पिल्लू अंग चाटतं आणि ते पोटात जातं. गोचिडाचं औषध वजन आणि वय बघून डॉक्टरच देतील. साताऱ्यात जिल्हा पशुसर्वचिकित्सालय आहे, आणि फार गुंतागुंत वाटली तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय कॉलेज आहेच.

पावसाळी

सगळ्यांचे खूप आभार, त्यातही ताईंचे विशेष. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पार्व्हो निगेटिव्ह आला, ते ऐकून मी तिथेच बाकावर बसले. शीमध्ये हुकवर्मची अंडी भरपूर निघाली, गोल जंतपण आहेत. रक्ताच्या स्लाइडमध्ये टिक फिव्हरचं काही दिसलं नाही पण हिमोग्लोबिन कमी आहे. जंताचं औषध वजनावर मोजून तिथेच दिलं, पंधरा दिवसांनी परत द्यायचंय कारण आत्ता जे अळीच्या अवस्थेत आहेत ते या डोसने मरत नाहीत असं ते म्हणाले. लोहाचं सिरप दिलंय. लस आठवड्याने, जरा उभारी आली की. गोचीड त्यांनी चिमट्याने काढले.

रानवाट, तुमचंही ऐकलं बरं का. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले दूध नको, पोट आणखी ढिलं होईल, पण ताक-भाकरीची सवय असेल तर थोडी थोडी चालेल, आणि त्यातच भिजवलेलं पपी फूड मिसळत जा. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून वर उकडलेल्या चिकनचे धागे टाकले आणि बाईसाहेबांनी ताटली चाटूनपुसून साफ केली. सासूबाई म्हणाल्या मी पहिल्या दिवसापासून भाकरी म्हणत होते, जे खरंही आहे.

आता खाणं बरंच सुधारलंय, शीचा रंगही. पण खेळणं अजून नाहीच. मुलगा पाच वर्षांचा आहे, तो शाळेतून आला की तिला घेऊन बसतो, तिच्यापुढे सगळी खेळणी मांडतो आणि ती उठून सोफ्याखाली जाते, मग हा रडतो. आणि पट्टा बांधला की जागच्या जागी बसकण मारते, ओढलं तरी हलत नाही. हेपण रक्त कमी असल्यामुळेच का?

रानवाट

पार्व्हो नाही ना, मग जिंकलात. देशीला काही होत नाही हे माझं वाक्य परत घेतो, भाकरी मात्र परत घेत नाही.

कुत्रेवाली_ताई

थोडं रक्ताचं आहेच, ते भरून यायला काही आठवडे लागतात. जंत पडले म्हणून दुसऱ्या दिवशी घोडदौड करेल असं नाही. दर आठवड्याला वजन करा, तिला घेऊन तुम्ही काट्यावर उभ्या राहा आणि तुमचं वजन वजा करा. वजन चढत असेल तर गाडी रुळावर आहे. चढलं नाही किंवा परत काळपट शी झाली तर पंधरा दिवस थांबायचं नाही, लगेच दाखवा.

खेळण्याचं वेगळं आहे. गोठ्यात वाढलेल्या पिलाला बॉल म्हणजे काय तेच माहीत नसतं. तिचं खेळणं म्हणजे भावंडाचं शेपूट. रबराची खेळणी आत ठेवून द्या, जुन्या टॉवेलला गाठ मारून जमिनीवरून सरपटत न्या, तुमच्याच ओढणीसारखी. उंदीर पळाल्यासारखं हललं पाहिजे, तोंडापुढे नाचवायचं नाही, तिच्यापासून लांब न्यायचं. फरशीवर चटई किंवा पायपुसणी टाका, पाय घसरतात म्हणून बरीच पिल्लं पळतच नाहीत आणि आपल्याला वाटतं आळशी आहे.

आणि सोफ्याखालून तिला कुणीही ओढून काढू नका. मुलाला सांगा की बुंदी झोपली असेल किंवा सोफ्याखाली असेल तर तिला हात लावायचा नाही, तिचं ते घर आहे. त्याला दुसरं काम द्या. जमिनीवर पाय पसरून बसायचं, तिच्याकडे बघायचं नाही, चिकनचा बारीक तुकडा आपल्यापासून हातभर लांब टाकायचा. ती येईल, खाईल, जाईल. हळूहळू तुकडा जवळ जवळ टाकायचा. पाच वर्षांच्या मुलाला गप्प बसवणं हे कुत्र्याच्या ट्रेनिंगपेक्षा अवघड आहे हे मला माहितीये, पण चार दिवस जमवा. एक राहिलंच, हे जंत माणसालाही त्रास देतात, मुलाचे हात प्रत्येक वेळी साबणाने धुवा आणि शी पडल्या पडल्या उचला.

पट्ट्याचं म्हणाल तर गळ्यात दोरी पडली की बसकण मारणं एकदम नॉर्मल. ओढू नका, ओढलं की ती आणखी घट्ट बसते. नुसता हलका पट्टा जेवणाच्या वेळी घाला, जेवण झालं की काढा. मग त्याला हलकी दोरी लावून घरातच मागे लोळू द्या, तुमच्या नजरेसमोर. तसंही लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १६ आठवड्यांपर्यंत, जिथे बाकी कुत्री फिरतात तिथे तिला खाली सोडायचंच नाहीये, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. उचलून गॅलरीत न्या, गेटपर्यंत न्या, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, पाऊस, सगळं तुमच्या कडेवरून बघू दे. हे वय नवीन गोष्टी पचवायचं आहे, ते घरात कोंडून वाया घालवू नका.

पावसाळी

गाठीचा टॉवेल लगेच करून बघितला. पहिल्यांदा कान टवकारले, मग दात लावला, मग सोडून गेली. पण दात लावला! सिरप मात्र थुंकते, ते ताकात मिसळून दिलं तर चालेल का?

चहा_बिस्कीट

ताकात नको, दुधा-ताकातल्या कॅल्शियमने लोह नीट शोषलं जात नाही. चिकनच्या पाण्यात द्या, बिनमीठ आणि बिनकांद्याचं. किंवा सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, जिभेवर नाही. पहिले दोन दिवस तुमच्या कुर्त्यावर पडेल, जुना घाला.