बीएमआय बरोबर आहे, पण त्यात स्नायू किती?

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसांत चिकट कफ साचणारा आणि अन्न नीट पचू न देणारा जन्मजात आजार. 'त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ५० पर्सेंटाइलला, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या मधोमध, टेकला की फुफ्फुसं सांभाळली जातात' असं म्हणतात, ते अर्धंच खरं वाटतं मला. वजन हवंच, त्यात वाद नाही, १९८८ साली टोरांटो आणि बोस्टनच्या पेशंट्सची तुलना झाली तेव्हा भरपूर फॅट खाणारे टोरांटोवाले जास्त जगत होते, तिथूनच तर तूप-लोणी खायला द्या हे सुरू झालं. पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरकच कळत नाही ना.

माझ्या मुलाचा बीएमआय छान होता, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या घेऊन वरण-भातावर तूप ओतून खायचा, गाल वर आलेले, आम्ही खूश, आणि स्पायरोमेट्रीत (फुंकून फुफ्फुसं तपासतात ती चाचणी) एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेली हवा, मात्र प्रत्येक वेळी थोडा खालीच. शेवटी डेक्सा स्कॅन (शरीरात चरबी किती, स्नायू किती ते दाखवणारा) केला तर चरबी ठीक, स्नायू कमी. चिकट कफ खोकून बाहेर काढायला श्वासाच्या स्नायूंतच जोर लागतो हो! आता रोज संध्याकाळी तो जिना चढ-उतार करतो, वर पोचला की कठड्याला धरून खोकतो, कफ सुटतो, मग अंडी नाहीतर पनीर आणि मीठ घातलेलं ताक. तुमच्या डॉक्टरांना डेक्साबद्दल नक्की विचारा, नुसत्या वजनकाट्यावर राहू नका.