नाकाची ॲलर्जी: गावचा मध की मिठाचं पाणी?

कृष्णाकाठ
दसरा जवळ आला की सातारा-सांगलीकडे शिंका सुरू होतात. पावसावर माजलेलं गाजर गवत फुललेलं असतं, मागोमाग कारखान्यांचा हंगाम आणि पाचटाची राख. मग जो तो सांगतो, रोज चमचाभर गावचा मध खा. मला हे पटत नाही. मधमाशी बसते त्या फुलांचा पराग बहुतेक जड नि चिकट असतो. नाकाला छळतो तो वाऱ्यावर उडणारा, गवतांचा. मधात तो नावापुरता. खोकल्याला मध जरूर द्या (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र बोटभरही नको), ॲलर्जीला नाक धुणंच खरं.

अर्धा लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्या. त्यात साडेचार ग्रॅम मीठ, शक्यतो बिनआयोडीनचं, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ काट्यावर मोजा, कारण जाडं आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही. प्रमाण कमी पडो वा जास्त होवो, नाक झोंबतं, आणि लोक दुसऱ्या दिवशी नेतीपात्र (नेतीची, म्हणजे नाक धुण्याची, तोटीची लोटी) माळ्यावर टाकतात. ओणवं व्हा, मान एका कुशीला वळवा, श्वास तोंडाने घ्या. वरच्या नाकपुडीत ओतलेलं खालच्या नाकपुडीतून येतं.

वाईकर
कागदावर छान आहे. घरोघरी पाणी उकळतं कोण? बोअरचं नाहीतर गीझरचं पाणी थेट ओततात. अशा पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस वाचणं कठीण, केरळातल्या घटना ताज्या आहेत. त्यापेक्षा बाहेर पडताना साजूक तूप करंगळीने नाकपुडीच्या कडेला लावा. पराग तिथेच चिकटतो. घरी आल्यावर पुसायचं. पात्र नको, माप नको. आणि सकाळी नस्य, म्हणजे नाकात दोन-दोन थेंब तीळतेल.

मिरज_वखारभाग
तुपाचा हात बरोबर. थेंबांना माझा विरोध आहे. महिनोन्महिने रोज तेल सोडलं तर थोडं थोडं फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज धरते. म्हाताऱ्यांना आणि ठसका लागणाऱ्या मुलांना तर नकोच. अमीबाची भीती खरी आहे, पण एक मिनिट खळखळ उकळी आली की तो मरतो. म्हणजे दोष नेतीचा नाही, आळसाचा आहे. पात्रही रोज उकळत्या पाण्याने धुऊन कोरडं करा.

राहिली नाक शिंकरायची रीत, जिथे बहुतेकांचं चुकतं. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरलं की पाणी कानाकडे जातं नि कान दुखतो. दोन्ही मोकळ्या ठेवून, वाकून, हलके शिंकरा. झोपायच्या तासभर आधी उरका. नाक ठार बंद असेल किंवा कान ठणकत असेल तर त्या दिवशी नेती नको.

माणदेशी_शिवार
तुम्ही नाकात अडकलात, गवत बांधावर तसंच! जुलै-ऑगस्टमध्ये, फुलायच्या आधी, ओल असताना मुळासकट उपटा. विळ्याने कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. एका झाडाला हजारो बिया धरतात.

वाईकर
आणि उपटणाऱ्याच्या कातडीचं काय? हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं, यातलं काही नसेल तर खाज महिनाभर जात नाही. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याने हात लावूच नये, घरच्या दुसऱ्याने उपटावं. फुलल्यावर तर मुळीच नाही, झटक्यासरशी सगळा पराग तोंडावर.

कृष्णाकाठ
मान्य. पण आपला बांध साफ केला तरी शेजारच्या पडीक रानातून वारा येतोच, म्हणून नाक धुणं सुटत नाही. संध्याकाळी शेतातून आल्यावर आधी केसांवरून आंघोळ, मग जेवण. पराग केसांतून उशीवर जातो. या दिवसांत उशीचे अभ्रे, चादरी घरातच वाळत घाला.

हळदीच्या दुधाबद्दल विचारणारे बरेच आहेत. प्यायला हरकत नाही, पण त्यातला कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला गुणाचा घटक, अंगी फार कमी लागतो. त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा बंद करू नका. छातीत घरघर किंवा धाप असेल तर ते नाकाचं दुखणं राहिलेलं नाही, तिथे मीठपाणी, तूप काही चालणार नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाईकर
एवढं पटलं. नेती मात्र ज्याच्या घरी काटा आणि उकळलेलं पाणी रोज तयार असेल त्यानेच करावी. बाकीच्यांना तूपच सांगेन.