खानापूरच्या रानातून दोन दिवस सायकलने: वर्दळ नसलेला, सोपा रस्ता कोणता?

शहापूरची_वाचक

सप्रेम नमस्कार. मी बेळगावात शहापूर भागात राहते. डिसेंबरच्या सुट्टीत मी, माझे यजमान आणि आमची बारा वर्षांची मुलगी असे तिघे जण दोन दिवसांचा सायकल प्रवास करणार आहोत. आजवर आम्ही राकसकोपपर्यंत आणि राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो आहोत. तीस-पस्तीस किलोमीटर अंतर मुलगी न थकता कापते, परंतु मागून ट्रकचा भोंगा वाजला की तिच्या हातातील हँडल थरथरते. गेल्या महिन्यात आम्ही जांबोटीच्या रस्त्याने निघालो होतो, पण गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे सतत रस्त्याच्या कडेला उतरावे लागले आणि किणयेहून परत फिरावे लागले. तिला रान दाखवायचे आहे. तेही गाडीच्या काचेआडून दाखवायचे नाही, तर पानांचा आवाज ऐकू येईल इतक्या सावकाश दाखवायचे आहे. घाट नको, दुचाकींच्या शर्यती नकोत, चढ असलाच तर अंगावर न येणारा असावा. खानापूर तालुक्यात असा रस्ता आहे का, आणि मुक्काम कुठे करावा?

मलप्रभाकाठ

ताई, असा रस्ता आहे, पण तो शोधण्याची रीत थोडी वेगळी आहे. आपल्याकडे केवळ सायकलींसाठी राखलेली वाट नाही. त्यामुळे जो रस्ता गोव्याला किंवा हुबळीला नेतो, तो सोडायचा आणि जो एखाद्या देवळाशी किंवा गावाशी संपतो, तो धरायचा. जिथून पुढे जाता येत नाही, तिथे वाटसरू वाहनेही येत नाहीत.

चढ-उताराचे गणित पाण्यावरून मांडावे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जांबोटी, हब्बनहट्टी, खानापूर असा प्रवास करत पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई मात्र याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेकडे गोव्यात उतरते. या दोन नद्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या उंचवट्याच्या पश्चिमेला गेलात की जमीन एकदम कोसळते, घाट सुरू होतो आणि पावसाचे प्रमाणही फार वाढते. पूर्वेला मात्र ती लाटेसारखी वरखाली होत हळूहळू उतरते. म्हणून आपण मलप्रभेच्या बाजूलाच राहावे. बेळगावपेक्षा खानापूर सुमारे शंभर मीटरनी खाली आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी जमीनच आपल्याला साथ देईल.

पहिल्या दिवशी महामार्ग पूर्णपणे टाळावा. तो रुंद झाल्यापासून गाड्यांचा वेग फार वाढला आहे. राजहंसगडाचा पायथा आपल्या ओळखीचा आहेच. तिथून नंदिहळ्ळी आणि गर्लगुंजीवरून खानापूर गाठावे. हा पट्टा रानाचा नाही, शेतीचा आहे, हे आधीच सांगतो. दुपारी खानापुरात जेवून विश्रांती घ्यावी आणि उन्हे कलल्यावर जवळच असलेल्या असोग्याला जावे. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचे देऊळ आहे, नदीचे पात्र खडकाळ आहे आणि झाडी थेट पाण्यापर्यंत आलेली आहे. पाण्यात मात्र मुलीला उतरू देऊ नये, कारण खडकांमधील डोह वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात. मुक्काम खानापुरातच करावा.

दुसऱ्या दिवशी नंदगडमार्गे हलशीला जावे. नंदगडपर्यंत बसगाड्या असतात, म्हणून उजाडताच निघावे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. इंग्रजांनी त्यांना 26 जानेवारी 1831 रोजी तिथेच फाशी दिले. समाधीपाशी वडाखाली थांबून न्याहारी करावी आणि मुलीला ती हकिकत तिथेच सांगावी. पुढे हलशीकडे वळल्यावर वर्दळ एकदम ओसरते. कधी काळी कदंबांची राजधानी असलेली पलाशिका नगरी म्हणजे हे हलशी. भूवराह नरसिंहाचे प्राचीन देऊळ आजही नांदते आहे आणि त्याच्या प्रांगणात दुपारीदेखील गारवा असतो. त्याच वाटेने खानापूरला परत यावे. मी हा फेरा चार वेळा केला आहे आणि हलशीच्या अलीकडचा तुकडा मला दर वेळी कमी पडल्यासारखा वाटतो.

दूरदेशी_बेळगावकर

मलप्रभाकाठ यांच्या मांडणीला एक जोड देतो. नोकरीनिमित्त मी काही वर्षे जर्मनीत आखन शहराजवळ होतो. तिथून फेनबान नावाची सायकलवाट निघते आणि बेल्जियममधून लक्झेंबर्गमधील त्रोआव्हिएर्जपर्यंत जाते. तिची लांबी सुमारे 125 किलोमीटर आहे. ती जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेली असल्याने बराच भाग रान आणि माळरानातून जात असूनही चढ जाणवत नाही, कारण आगगाडीच्या इंजिनाला तीव्र चढ चढता येत नाही आणि रूळ टाकणाऱ्यांनी डोंगराला वळसे घालून तो सौम्य केलेला असतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला त्या वाटेची आणखी एक गोष्ट भिडते. पहिल्या महायुद्धानंतर तो रेल्वेमार्ग बेल्जियमला मिळाला. रूळ गेले तरी ती चिंचोळी पट्टी आजही बेल्जियमचीच आहे आणि तिच्या पलीकडे जर्मनीचे काही तुकडे वेगळे पडलेले आहेत. सायकल चालवताना मात्र आपण कोणत्या देशात आहोत, हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही.

आपल्या तालुक्यातील रेल्वे चालू असल्याने तशी वाट इथे होणार नाही. तरीही रुळांची खूण उपयोगी पडते. नकाशात रेल्वे आणि नदी ज्या दिशेने जातात, त्या दिशेचे गावरस्ते बहुधा सोपे असतात. जे रस्ते त्यांना आडवे छेदतात, तिथे दम लागतो.

टायरबद्दल एवढेच सांगतो की अगदी अरुंद टायर आणू नयेत. डांबर संपले की जांभ्याची लाल खडी लागते आणि तिच्यावर अरुंद चाक घसरते. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर असावेत आणि त्यांत हवा थोडी कमी ठेवावी. काटे पुष्कळ असल्यामुळे प्रत्येक सायकलसाठी एकेक जादा ट्यूब घ्यावी.

रानकडेचा

माझे गाव भीमगड अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

हेम्माडग्याचा रस्ता येथे कुणीतरी सुचवीलच, म्हणून आधीच सांगतो की मुलीला घेऊन त्या रस्त्याने जाऊ नये. रान फार सुंदर आहे. ऐन, किंजळ, जांभूळ यांची कमान डोक्यावर येते. परंतु हाच रस्ता पुढे अनमोडला मिळत असल्याने शनिवार-रविवारी गाड्या तो गोव्याचा जवळचा मार्ग म्हणून वापरतात. शिवाय 2011 साली घोषित झालेल्या या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आडवाटेला वळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बारापेडे गुहांमधील दुर्मीळ वटवाघळे जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहेत.

आमच्याकडे अस्वले आणि गवे आहेत, तालुक्यात हत्तीही येतात. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे जनावराला आपली चाहूल उशिरा लागते आणि अचानक समोरासमोर आल्यावर अस्वल अंगावर येते. म्हणून वळणावर घंटी वाजवावी, बोलत जावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी गावात पोहोचावे. डिसेंबरमध्ये उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर संध्याकाळी खानापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर येतात आणि त्यांपैकी अनेकांना मागे दिवा नसतो. वर्दळ नसलेला रस्ता शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

शेवटची गोष्ट मनापासून लिहितो. आमचे रस्ते शांत आहेत, कारण आमच्यापर्यंत बस येत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते. माझ्या आजीला आम्ही असेच नेले होते. आपण येता याचा आम्हाला आनंदच आहे. फक्त गावात आलात की थांबावे, पाणी मागून घ्यावे, दुकान असेल तिथे चार वस्तू विकत घ्याव्यात. त्या शांततेतून नुसते निघून जाऊ नये.

शहापूरची_वाचक

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले, याबद्दल मनापासून आभार. रानकडेचा यांचे उत्तर मी मुलीला वाचून दाखवले. घंटी वाजवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे, आणि हलशीच्या वाटेवरच्या दुकानातून वही-पेन्सिली घ्यायच्या, असेही तिने ठरवले आहे. हेम्माडगा आम्ही वगळला आहे. एक शंका उरते. दुसऱ्या दिवशी हलशीहून खानापूरला आल्यावर पुन्हा बेळगावपर्यंतचा चढ तिला जड जाईल. सायकलींसह रेल्वेने परतता येईल का?

मलप्रभाकाठ

येता येईल, पण सायकली डब्यात चढवता येत नाहीत. सामान म्हणून ब्रेकव्हॅनसाठी, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यासाठी, त्यांची नोंद करावी लागते आणि लहान स्थानकावर गाडी फार थोडा वेळ थांबते. तीन सायकली त्या अवधीत चढवणे कठीण आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी खानापूरला पोहोचताच एखाद्या मालवाहू टेम्पोशी दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवून ठेवावी. सायकलींखाली पोती अंथरावीत आणि दोन सायकलींमध्ये जुनी चादर घालावी, म्हणजे गिअरची बाजू एकमेकींवर घासणार नाही. आपण तिघांनी मात्र रेल्वेनेच यावे.